ड्रिल यंत्राचा चक बदलताना : बिनचावीच्या चकाची निवड

लाकडी नांगराच्या काळी गावचा सुतार सामता व गिरमिट यांच्या साह्याने अवजारांना भोके पाडीत असे. लोखंडी अवजारे आली आणि हे काम बदलले. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र, मोगडा, ट्रॉली, मळणीयंत्र यांपैकी कोणतेही अवजार घेतले, तरी त्याचा सांधा न् सांधा बोल्टावर उभा असतो आणि बोल्टाचे बळ त्याच्या भोकाच्या नेमकेपणावर अवलंबून असते. म्हणूनच गावोगावच्या अवजार दुरुस्तीच्या कार्यशाळांत ड्रिल यंत्र ही आवश्यक वस्तू झाली आहे.

या यंत्राचा सर्वांत जास्त झिजणारा भाग म्हणजे चक. तो झिजला की बदलावा लागतो, आणि हल्ली पुष्कळजण त्या जागी बिनचावीचा चक बसवू इच्छितात. ही इच्छा चुकीची नाही. परंतु निवड डोळसपणे केली नाही, तर पैसा वाया जातो आणि प्रसंगी हातापायावरही बेतते. या बाबतीत प्रथम एक अनुभव सांगणे जरूर आहे.

एक अनुभव

मृगाचा चांगला पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला होता. एका गावच्या कार्यशाळेत पेरणीयंत्राच्या फणांच्या पट्ट्या बदलण्याचे काम चालू होते. तेथील जुना चक निकामी झाल्यामुळे बिनचावीचा १३ मि.मी. चा चक आणावा, असे मीच सुचविले होते. यंत्राच्या दांड्याचे माप मात्र मी घेतले नाही, ‘१३ मि.मी. चा चक’ एवढे सांगणे पुरेसे आहे, असे मला वाटले. नवा चक आला, दांड्यावर ठोकून बसविला आणि तो बसल्यासारखा दिसलाही. पाच-सहा भोके बरी पडली. त्यानंतर एका पट्टीतून भोक आरपार जाता जाता ड्रिल अडकले, हादरा बसला आणि फिरता चक दांड्यावरून निसटून खाली आदळला. पट्टी गरकन फिरली. चालकाचा हात थोडक्यात बचावला. यंत्र दोन दिवस बंद राहिले, आणि ज्याची ती अवजारे होती त्या शेतकऱ्याला वाफसा डोळ्यांदेखत उडून जाताना पाहावे लागले.

नवा चक सदोष नव्हता. दांडा एका मापाचा व चक दुसऱ्या मापाचा, एवढीच चूक होती, आणि ती पाच मिनिटांच्या मोजमापाने टळली असती. तीच मोजमापे व त्यांमागील कारणे या लेखात दिली आहेत.

चकाची रचना

चक म्हणजे ड्रिलची मूठ पकडणारा पंजा होय. त्यात तीन जबडे असतात. ते तिरक्या खाचांतून खाली सरकले की परस्परांजवळ येतात व ड्रिलला तिन्ही बाजूंनी आवळतात. चावीने आवळावयाच्या चकाचे पेटंट अमेरिकेतील आर्थर जेकब्स यांनी १९०२ साली घेतले. दातेरी कड्यात चावीचे दात अडकवून कडे फिरवावयाचे, ही त्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे.

बिनचावीच्या चकात बाहेरील कवच हाताने फिरविले की आतील स्क्रू जबड्यांना खाली ढकलतो. याचा विशेष गुण असा की, ड्रिल धातूत शिरून त्यावर भार आला, की त्या भारानेच पकड अधिक घट्ट होत जाते. आरंभी हाताने बेताचे आवळले तरी चालते. उरलेले काम ड्रिलचा भार करतो.

याच गुणातून दोन मर्यादाही उद्भवतात. पहिली अशी की, मोठ्या ड्रिलने जाड लोखंडात भोक पाडल्यावर पकड इतकी घट्ट होते की ती हाताने सुटत नाही. त्यासाठी हुक पाना हाताशी ठेवावा लागतो. दुसरी अशी की, यंत्र उलटे फिरले तर पकड सैल होते. म्हणून यंत्र उलटे फिरवून आटे पाडण्याच्या कामास हा चक उपयोगी नाही. येथे ग्रामीण भागातील एक गोष्ट ध्यानी घ्यावी. थ्री-फेज मोटरच्या जोडणीत किंवा लाइनच्या दुरुस्तीत दोन फेजांची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरू लागते. म्हणून वीजजोडणीचे कोणतेही काम झाल्यावर यंत्र प्रथम रिकामे चालवावे. वरून पाहिले असता स्पिंडल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरला पाहिजे.

प्रथम दोष कोठे आहे ते शोधा

चक खराब झाला असे वाटले म्हणजे तो खराब झालेलाच असतो असे नाही. खर्च करण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

(१) चावी घसरत असेल, तर प्रथम चावीचे दात पाहावेत. पुष्कळदा झीज केवळ चावीची असते. अशा वेळी योग्य मापाची नवी चावी आणल्याने थोडक्या पैशांत काम भागते.

(२) चक रॉकेलने धुऊन, जबडे पूर्ण उघडून व मिटून पाहावेत. लोखंडाचा कीस साचून जबडे अडत असतील, तर धुण्यानेच ते मोकळे होतात.

(३) सरळ व गुळगुळीत गोल सळई, निदान मोठ्या चांगल्या ड्रिलची मूठ, चकात धरून उजेडाकडे पाहावे. जबड्यांच्या टोकाशी सळईभोवती फट दिसत असेल, तर जबडे तोंडाशी फाकले आहेत असे समजावे. असा चक ड्रिलला केवळ आतल्या बाजूने धरतो. तो बदलणेच योग्य.

(४) ड्रिलचे टोक डुलत फिरत असेल, तर दोष चकात, आर्बरमध्ये की स्पिंडलमध्ये आहे ते ठरवावे. चकात सळई धरून तिला डायल गेज लावावा, यंत्राचा पट्टा हाताने फिरवून सर्वांत उंच भाग कोणत्या दिशेस येतो ते पाहावे व तेथे स्पिंडलवर खडूने खूण करावी. मग आर्बर चकासह काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा. उंच भाग खुणेसमोरच राहिला, तर दोष स्पिंडलचा. तो खुणेच्या विरुद्ध बाजूस गेला, तर दोष आर्बरचा किंवा चकाचा होय. डायल गेज नसल्यास टेबलावर घट्ट बसविलेल्या तारेचे टोक सळईजवळ आणावे व मधली फट कागदाच्या पट्ट्यांनी अजमावावी. स्पिंडल हाताने आडवा हलवून पाहता खडखडत असेल, तर बेअरिंगे झिजलेली आहेत. अशा यंत्राला कितीही उत्तम चक लावला तरी भोक वाकडेच पडणार.

माप कसे घ्यावे

चक यंत्राला साधारणपणे दोन सांध्यांनी जोडलेला असतो. पहिला सांधा स्पिंडल व आर्बर यांचा आणि दुसरा आर्बर व चक यांचा. दोन्ही ठिकाणी निमुळता दांडा तशाच निमुळत्या पोकळीत घट्ट बसतो. काही लहान यंत्रांत आर्बर नसतो. स्पिंडलचेच टोक निमुळते असते आणि चक सरळ त्यावर बसतो. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे प्रथम पाहावे. स्पिंडलच्या अंगावर आरपार लांबट खाच दिसत असेल, तर आत वेगळा आर्बर आहे असे समजावे. त्या खाचेत चपटी पाचर घालून हलकेच ठोकल्यास आर्बर खाली निघतो. खाली टेबलावर लाकडाची फळी ठेवण्यास विसरू नये.

आर्बरच्या वरच्या टेपरला मोर्स टेपर म्हणतात. त्याच्या जाड टोकाचा व्यास असा असतो :

एमटी १ : १२.०६५ मि.मी.
एमटी २ : १७.७८० मि.मी.
एमटी ३ : २३.८२५ मि.मी.

या तिन्हींत एवढे अंतर आहे की साध्या व्हर्निअर कॅलिपरनेही फसगत होत नाही. खरी फसगत दुसऱ्या सांध्यात, म्हणजे चकाच्या पोकळीत होते. तेथे दोन कुळांची मापे प्रचारात आहेत. एक ‘बी’ मालिका आणि दुसरी जेकब्स टेपर, म्हणजे ‘जेटी’ मालिका. नेहमी आढळणारी मापे पुढे दिली आहेत.

बी १२ : जाड टोक १२.०६५ मि.मी.
बी १६ : जाड टोक १५.७३३ मि.मी.
बी १८ : जाड टोक १७.७८० मि.मी.
जेटी ३३ : जाड टोक १५.८५ मि.मी., बारीक टोक १४.२४ मि.मी., लांबी २५.४ मि.मी.
जेटी ६ : जाड टोक १७.१७ मि.मी., बारीक टोक १५.८५ मि.मी., लांबी २५.४ मि.मी.

बी १६ व जेटी ३३ यांच्या जाड टोकांत सुमारे ०.१२ मि.मी. चाच फरक आहे. परंतु बी १६ चा उतार सुमारे २० स १, तर जेटी ३३ चा सुमारे १६ स १ आहे. याचा परिणाम पाहा. जेटी ३३ च्या दांड्यावर बी १६ चा चक ठोकला, तर तो जवळजवळ पूर्ण आत जातो. बाहेर जेमतेम दोन मि.मी. दांडा उरतो. पाहणाऱ्यास चक बसला असेच वाटते. प्रत्यक्षात मात्र दांडा केवळ पोकळीच्या तोंडाशी, एका बारीक कड्यावर टेकलेला असतो, आणि आतल्या टोकाशी व्यासात सुमारे ०.३ मि.मी. ची पोकळी राहते. असा चक डुलतो, आणि हादरा बसताच सुटतो. वर सांगितलेल्या प्रसंगी नेमके हेच घडले होते.

म्हणून दांड्याचे केवळ जाड टोक मोजून थांबू नये. जाड टोक, बारीक टोक व दोहोंमधील लांबी अशी तीन मापे घ्यावीत. दोन व्यासांच्या फरकाने लांबीस भागले की उतार मिळतो. चकाच्या अंगावर बहुधा त्याची पकड व टेपर यांचे आकडे कोरलेले असतात. ते वाचून आपल्या मापांशी पडताळावेत. शक्य असल्यास जुना आर्बर दुकानी बरोबर न्यावा.

बसवून पाहण्याची एक साधी कसोटी आहे. दांडा कोरडा पुसून त्यावर लांबीच्या दिशेने पेन्सिलीच्या तीन रेघा सारख्या अंतरावर काढाव्यात. चक हलक्या हाताने त्यावर सारून किंचित फिरवावा व काढून पाहावे. रेघा पूर्ण लांबीभर पुसल्या गेल्या, तर सांधा जुळला. केवळ वरच्या किंवा खालच्या टोकाशी पुसल्या गेल्या, तर तो चक परत करावा. कानस किंवा पॉलिश पेपर मारून टेपर ‘जुळविण्याचा’ प्रयत्न कोणीही करू नये. तसेच सांध्यात कागद किंवा पत्र्याची पट्टी घालू नये.

किती मापाचा चक घ्यावा ?

चकाचे माप ठरविताना आपण कोणते बोल्ट वापरतो याचा हिशेब करावा. बोल्टाचे भोक बोल्टाहून थोडे मोठे ठेवावे लागते. साधारणपणे ८ मि.मी. बोल्टास ८.४ ते ९, १० मि.मी. बोल्टास १०.५ ते ११, १२ मि.मी. बोल्टास १३ ते १३.५ आणि १६ मि.मी. बोल्टास १७ ते १७.५ मि.मी. चे भोक पाडतात. यावरून असे दिसून येईल की, १३ मि.मी. चा चक १२ मि.मी. च्या बोल्टापर्यंतच्या कामास पुरतो. १६ मि.मी. चा चक घेतला तरी १६ मि.मी. बोल्टाचे भोक त्यातून पडणार नाहीच. त्या भोकासाठी टेपर मुठीचे ड्रिल चक काढून सरळ स्पिंडलमध्ये बसवावे. १४ ते २३ मि.मी. व्यासाच्या अशा ड्रिलांची मूठ बहुधा एमटी २ ची असते. स्पिंडल एमटी ३ चा असल्यास मध्ये योग्य स्लीव्ह घालावी.

चकाची खालची मर्यादाही पाहावी. ३ ते १६ मि.मी. असे लिहिलेला चक ३ मि.मी. हून बारीक ड्रिल धरीत नाही. फवारणी पंपाचे नोझल किंवा तत्सम बारीक काम करणाऱ्यांनी १ ते १३ मि.मी. चा चक पसंत करावा.

त्याचप्रमाणे चकाची उंची मोजावी. बिनचावीचा चक त्याच पकडीच्या चावीच्या चकाहून सामान्यतः लांब असतो. टेबल व चक यांमधील जागा तितकी कमी होते. शेगड्यात उभे धरून ज्या वस्तूंना भोके पाडावयाची, त्या नव्या चकाखाली मावतील की नाही हे आधीच ताडून पाहावे.

बाजारात हातड्रिलसाठी प्लॅस्टिक कवचाचे, आट्यांनी बसणारे बिनचावीचे चक स्वस्तात मिळतात. ते त्या हलक्या यंत्रांसाठीच आहेत. ड्रिल यंत्रावर दिवसभराचे काम करण्यास पोलादी कवचाचाच चक घ्यावा.

बिनचावीचा चक कोणी घ्यावा व कोणी घेऊ नये ?

एकाच वस्तूवर वरचेवर ड्रिल बदलावे लागत असेल, उदाहरणार्थ प्रथम ५ मि.मी., मग ९ मि.मी., मग १३ मि.मी., तर बिनचावीच्या चकाने पुष्कळ वेळ वाचतो. आणखी एक मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. चावी चकातच विसरून यंत्र सुरू केले, तर ती गोळीसारखी उडते. चावीच नसल्यामुळे हा धोका मुळातच नाहीसा होतो.

परंतु ज्या कार्यशाळेत दिवसभर एकाच मापाची जाड कामे चालतात, बिडाची बारीक धूळ फार उडते किंवा यंत्रावरच आटे पाडले जातात, तेथे चावीचा भक्कम चकच अधिक सोयीचा ठरतो. सारख्याच दर्जाच्या दोन चकांत बिनचावीचा चक महाग असतो. तेव्हा हलक्या दर्जाचा बिनचावीचा चक घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत चांगल्या दर्जाचा चावीचा चक घेणे केव्हाही श्रेयस्कर होय. दोन्ही प्रकारची कामे असल्यास दोन आर्बरांवर दोन चक कायमचे बसवून ठेवावेत व कामाप्रमाणे आर्बर बदलावा.

चक बसविण्याची रीत

(१) वीज तोडून स्वीच बंद करावा. मगच यंत्रास हात लावावा.

(२) दांडा व पोकळी रॉकेलने धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावी. सांध्यास तेल किंवा ग्रीस लावू नये. टेपरची पकड धातूच्या घर्षणावर असते. तेलाने ती जाते.

(३) चकाचे जबडे पूर्णपणे आत घ्यावेत. जबडे बाहेर असताना ठोकल्यास ते कायमचे बिघडतात.

(४) आर्बर स्पिंडलमध्ये सारताना त्याची चपटी शेपटी आतील खाचेत बसली आहे याची खात्री करावी.

(५) टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून यंत्राच्या लिव्हरने चक त्यावर जोराने दाबावा, अथवा लाकडी मोगरीने खालून एक-दोन नेमके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडा वापरू नये.

(६) चकात सरळ सळई धरून डायल गेजने पाहावे. जबड्यांजवळ ०.१ मि.मी. च्या आत फरक असेल, तर अवजारांच्या बोल्टांसाठी तो पुरेसा आहे.

बसविल्यानंतरची काळजी

ड्रिलचा वेग बेताचा ठेवावा. साध्या लोखंडासाठी हायस्पीड ड्रिलचा वेग मिनिटास सुमारे २५ मीटर धरला, तर ६ मि.मी. ड्रिलास मिनिटास सुमारे १३००, १० मि.मी. ड्रिलास ८००, १३ मि.मी. ड्रिलास ६०० व १७.५ मि.मी. ड्रिलास ४५० फेरे येतात. अतिवेगाने ड्रिल जळते. ड्रिल बोथट झाले, की चालक अधिक जोर लावतो आणि त्याचा सर्व त्रास चकास होतो.

मूठ खरवडलेले ड्रिल प्रथम कानशीने साफ करावे. नाहीतर त्याचे बारीक कंगोरे जबड्यांस खातात. पट्टी नेहमी शेगड्यात किंवा बोल्टाने टेबलास घट्ट बांधावी. ती हातात धरून भोक पाडू नये. भोक आरपार जाण्याच्या सुमारास लिव्हरवरील दाब कमी करावा. बहुतेक अपघात त्याच क्षणी होतात. हातमोजे, उपरणे, लोंबती बाही व हातातील कडे ही फिरत्या चकापाशी कटाक्षाने वर्ज्य करावीत. फिरता चक हाताने धरून थांबविण्याची सवय तर मुळीच लागू देऊ नये. बिनचावीच्या चकाचे कवच हाताने फिरवावयाचे असल्यामुळे हा मोह अधिक होतो, हे चालकास मुद्दाम समजावून सांगावे.

दर आठवड्यास चक उघडून-मिटून त्यातील कीस ब्रशाने काढावा व जबड्यांस हलक्या तेलाचे दोन थेंब द्यावेत. बीड कापल्यावर हे काम त्याच दिवशी करावे.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील प्रत्येक कार्यशाळेच्या यंत्राची चार मापे आपल्या वहीत टिपून ठेवावीत : स्पिंडलचा मोर्स टेपर, चकाचा टेपर, चकाची पकड, आणि टेबल व चक यांमधील जास्तीत जास्त अंतर. तीच मापे रंगाने यंत्राच्या खांबावर लिहून घ्यावीत. हे काम उन्हाळ्यात, म्हणजे अवजारांची दुरुस्ती सुरू होण्यापूर्वी करावे. चक बिघडतो तो बहुधा कामाच्या गर्दीत, आणि त्या वेळी माप घेण्यास कोणास सवड नसते.

चक ही लहानशी वस्तू आहे. पण वाफसा कोणासाठी थांबत नाही. व्हर्निअर लावून घेतलेली तीन मापे पेरणीचे दोन दिवस वाचवितात आणि माणसाचा हातही वाचवितात.